आधी टाका, मग साल

सिंगर कंपनीच्या काही काळ्या शिलाई मशीनवर समोरच्या बाजूला एक लहानसा पितळी बिल्ला असतो. त्याच्या निळ्या कडेवर १८५१ आणि १९५१ अशी दोन साले असतात. जुन्या वस्तूंच्या बाजारात त्यातले पहिले साल तेवढे वाचले जाते आणि मशीन पावणेदोनशे वर्षांचे होऊन बसते. खरे तर हा बिल्ला कंपनीच्या शताब्दीचा. आयझॅक मेरिट सिंगरला त्याचे पेटंट १२ ऑगस्ट १८५१ रोजी मिळाले. त्याला शंभर वर्षे झाली म्हणून १९५१ च्या आगेमागे कारखान्यातून निघालेल्या अनेक प्रकारच्या मशीनवर तो ठोकला गेला. १८५१ चे सिंगर कुणी समोर आणून ठेवलेच, तर ते उचलून नेण्याचा विचारही कुणाच्या मनात येणार नाही. ते धूड ज्या लाकडी खोक्यातून गिऱ्हाइकाकडे जाई, ते खोकेच त्याचा स्टँड होत असे. विलकॉक्स अँड गिब्ज या अमेरिकी कंपनीच्या साखळीटाक्याच्या छोट्या मशीनचीही अशीच गत होते. त्यांच्यावर पेटंटच्या तारखांची एक रांग कोरलेली असते, आणि तिच्यातली सर्वांत जुनी तारीख उचलून ती मशीनची जन्मतारीख म्हणून सांगितली जाते. पेटंट संपेपर्यंत, आणि कधी कधी ते संपल्यावरही, कंपनी त्याच तारखा कोरत राहते, हे कुणी ध्यानात घेत नाही. जुने पोर्टेबल मशीन ओळखायचे म्हणजे त्याचे साल शोधायचे, अशी एक पक्की समजूत या सगळ्यामागे आहे. ही समजूत उलटी आहे, असे मला वाटते. या धंद्याचा इतिहास पाहिला तर मशीनबद्दल सर्वांत भरवशाची साक्ष त्याची टीप घालणारी यंत्रणा देते. त्याखालोखाल ते कुठे बनले आणि कुठल्या बाजारासाठी बनले, याच्या खुणा येतात. साल सर्वांत शेवटी.

सालाच्या बाजूने मुख्य पुरावा म्हणून क्रमांक पुढे केला जातो. सिंगरच्या मशीनवर बैठकीच्या उजव्या टोकाला किंवा खाली क्रमांक ठोकलेला असतो. १९०० पूर्वी तो नुसत्या आकड्यांचा असे; त्यानंतर त्याच्या आधी अक्षर आले आणि पुढे दोन अक्षरे आली. ही अक्षरे कारखान्यांना वाटून दिलेली होती. एफ आणि वाय ही स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्याची, जी न्यू जर्सीतल्या एलिझाबेथपोर्टची, सी जर्मनीतल्या विटेनबर्गेची आणि टी रशियातल्या पोडोल्स्कची. कंपनीच्या नोंदवह्या आज बऱ्याच अंशी अभ्यासकांना खुल्या आहेत. अमेरिकेतली कागदपत्रे विस्कॉन्सिनच्या हिस्टॉरिकल सोसायटीकडे गेली, तर क्लाइडबँकचा संग्रह तिथल्या स्थानिक परिषदेने, म्हणजे वेस्ट डनबार्टनशायर कौन्सिलने, सांभाळला. त्यामुळे कुणालाही वाटते, की क्रमांक वहीत शोधला की काम झाले. पण ही वही भरली कशासाठी, हे पाहायला हवे. एखाद्या प्रकारची अमुक हजार मशीन करायची असे ठरले की तेवढ्या क्रमांकांची एक तुकडी त्या कारखान्याच्या नावे टाकली जाई, आणि वहीतली तारीख असते ती या वाटपाची. ओतीव काम, जोडणी, रंग, नक्षी, तपासणी, पेटीत भरणे हे सगळे नंतरचे. मोठी तुकडी संपायला कित्येक महिने लागत. शिवाय मशीन दुकानात किती काळ पडून राहिले आणि कधी विकले गेले, याच्याशी त्या वहीचा काही संबंध नाही. ती हिशेबाची वही आहे. तिला जन्मदाखल्याचे काम आपण नंतर लावले.

सिंगरच्या २२१ या मशीनचा, म्हणजे संग्राहकांच्या लाडक्या फेदरवेटचा, मामला यासाठी पाहण्यासारखा आहे. हे मशीन १९३३ मध्ये शिकागोच्या ‘सेंचुरी ऑफ प्रोग्रेस’ या जागतिक प्रदर्शनात लोकांसमोर आले, असे जवळपास प्रत्येक जण सांगतो. प्रदर्शनाचा पहिला हंगाम १९३३ च्या मे महिन्यात सुरू झाला आणि नोव्हेंबरात संपला. दुसरा १९३४ च्या मेपासून ऑक्टोबरपर्यंत चालला. आणि २२१ ला क्रमांकांची पहिली तुकडी मिळाली ती ऑक्टोबर १९३३ मध्ये. एडी या अक्षरांनी सुरू होणारे ते दहा हजार क्रमांक होते. म्हणजे पहिल्या हंगामातले शेवटचे काही आठवडे सोडले, तर क्रमांक घेतलेले फेदरवेट तिथे मांडले जाणे अवघड होते. आधीचे नमुने दाखवले असतील, किंवा आठवणीतला गाजावाजा दुसऱ्या हंगामाचा असेल. दोन्ही शक्य आहे. पण एडी अक्षरांचे मशीन हाती लागले म्हणून ‘हे १९३३ च्या प्रदर्शनातले’ असे बोलणे कागदावर टिकत नाही. इतक्या प्रसिद्ध, इतक्या अभ्यासलेल्या मशीनच्या बाबतीत वही आणि दंतकथा जर अशी एकमेकींना घासून जातात, तर विटेनबर्गेच्या एखाद्या साध्या हातमशीनच्या सालावर पैज लावणे कितपत शहाणपणाचे ठरेल?

यावर आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे: वही कशासाठीही भरलेली असो, तिच्याइतका ठोस लेखी पुरावा दुसरा कुठला आहे? एकही नाही, हे मान्य करायला हवे. फक्त त्या पुराव्याचे वजन सालात कमी आणि ठिकाणात जास्त आहे. क्रमांकाची अक्षरे कारखाना सांगतात, आणि कारखान्यावरून खरेदीदाराला पुष्कळ काही कळते. प्रकाराच्या आकड्यापुढे के असेल, म्हणजे ९९के, १२८के, २२१के, तर मशीन क्लाइडबँकच्या किलबोवी कारखान्याचे. जे असेल तर कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातल्या सेंट जॉन्सचे. काहीच नसेल तर बहुधा अमेरिकेचे. किलबोवीचा कारखाना १८८५ मध्ये उघडला, १९१३ मध्ये त्याने एका वर्षात तेरा लाखांहून अधिक मशीन बाहेर काढली आणि १९८० मध्ये तो बंद पडला. ब्रिटिश साम्राज्याच्या बाजारपेठा बऱ्याच अंशी तोच पुरवत होता. त्यामुळे मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात दिसणारे सिंगर बहुतेकदा स्कॉटलंडचे निघाले तर त्यात नवल नाही. उलट अमेरिकी फेदरवेट इथे आढळले तर ते कुणीतरी सामानातून आणलेले असण्याची शक्यता मोठी, आणि मग सालापेक्षा तातडीचा प्रश्न विजेचा. त्याची मोटर ११० व्होल्टची. आपल्या २३० व्होल्टच्या प्लगला ते थेट लावले तर मोटर जळते. ब्रिटनसाठी केलेल्या मशीनच्या मोटरी आपल्या विजेच्या जवळच्या असतात. तरी मोटरवरची पट्टी वाचल्याशिवाय प्लग लावू नयेच. मशीन १९४८ चे की १९५० चे, या वादाने कुणाची मोटर वाचलेली नाही.

आता यंत्रणेकडे वळू, कारण खरा इतिहास तिथे साठलेला आहे. दोन दोऱ्यांच्या टाक्यात वरचा दोरा सुईतून खाली जातो, त्याचा फास होतो, आणि त्या फासातून खालचा दोरा ओवला जातो. हे ओवण्याचे काम कसे करायचे, एवढ्याच प्रश्नाभोवती सगळ्या जुन्या कंपन्यांची अक्कल फिरत होती. सिंगरच्या २७ आणि २८ या प्रकारांत, आणि त्यांच्या सुधारलेल्या १२७ व १२८ मध्ये, लांब निमुळते शटल असते. त्यात काडीसारखी लांब बॉबिन बसते आणि ते शटल कमानीच्या वाटेने मागेपुढे झुलते. यांपैकी २८ आणि १२८ ही लहान आकाराची, म्हणून पेटीत घालून नेण्याजोगी. दोघांत फरक करायचा तर बॉबिन भरण्याची चकती कुठे आहे ते पाहावे. २८ वर ती खाली असते, १२८ वर वर चाकाजवळ. शिवाय १२८ मध्ये शटल वर उचलून देणारा खटका असतो. ६६ या मोठ्या मशीनमध्ये गोल बॉबिन वरूनच आडवी बसवता येऊ लागली, आणि त्याचीच पाऊण आकाराची आवृत्ती म्हणजे १९११ मध्ये आलेले ९९. पंधरा नंबरच्या मशीनमध्ये बॉबिन उभी बसते, धातूच्या केसमध्ये, आणि भोवतालचा हुक अर्धी फेरी मारून परत येतो. फेदरवेटमध्ये हुक पूर्ण गोल फिरतो आणि त्याची बॉबिन बारीक, स्वतःच्या मापाची. हीच बॉबिन २२२ आणि ३०१ या नंतरच्या मशीनना चालते. पंधरा नंबरची किंवा सहासष्टची बॉबिन तिथे बसवायला गेले तर बसत नाही, आणि जबरदस्तीने बसवली तर बिघाड होतो. एवढे चार प्रकार ओळखता आले की पेटीतल्या निम्म्याहून अधिक मशीनची जातकुळी कळते. त्यासाठी क्रमांक पाहावा लागत नाही. बैठकीवरची सरकपट्टी बाजूला सारून आत डोकावले की पुरते. विलकॉक्स अँड गिब्जच्या मशीनमध्ये डोकावले तर बॉबिनच सापडत नाही, कारण जेम्स गिब्जच्या १८५७ च्या पेटंटाप्रमाणे ते एकाच दोऱ्याने साखळीटाका घालते. ‘बॉबिन हरवली आहे’ म्हणून त्याची किंमत पाडून मागणारा आणि देणारा, दोघेही सारखेच अडाणी.

जाणकार इथे मला अडवतील. यंत्रणा तरी खात्रीची कशी? लांब शटल ही जुनी रचना. म्हणजे लांब शटलाचे मशीन जुने, असा साधा हिशेब लागत नाही का? नाही लागत. लांब शटलाचे १२८ हे १९५० च्या दशकापर्यंत बनत राहिले, तेव्हा गोल बॉबिनच्या ६६ ला पन्नासच्या आसपास वर्षे होऊन गेली होती. म्हणजे १९१२ चे ९९ रचनेने आधुनिक आणि १९५२ चे १२८ रचनेने जुनाट. पण याने माझ्या म्हणण्याला धक्का बसत नाही, उलट बळच येते. यंत्रणा साल सांगते असा दावा मी करतच नाही. यंत्रणा सांगते ती अधिक उपयोगाची गोष्ट: हे मशीन काय करू शकते, त्याला कुठली बॉबिन आणि कुठली सुई लागेल, झिजलेला भाग मिळेल की नाही. आणि जुनी रचना इतकी वर्षे का टिकली, हा प्रश्नही तीच उभा करते. उत्तर विक्रीत आहे. सिंगरचा भागीदार एडवर्ड क्लार्क याने १८५६ च्या सुमारास हप्त्याने विक्री सुरू केली, आणि त्यानंतर या धंद्यात नवे मशीन आले म्हणून जुने बंद करण्याचे कारण उरले नाही. ज्याला जेवढा हप्ता झेपेल तेवढ्याचे मशीन त्याला द्यायचे. स्वस्त लांब शटल, मधले गोल बॉबिनचे, वरचे विजेचे, अशा तीन पिढ्या एकाच दुकानात शेजारीशेजारी उभ्या राहत. सालाच्या एका रेषेवर ही मशीन मांडू गेले की हे चित्र नाहीसे होते.

पोर्टेबल या नावाखाली बाजारात काय काय येते, तेही वजनानेच तपासावे. लाकूड वाफेवर वाकवून केलेल्या घुमटाकार पेटीतले १२८ किंवा बिडाचे ९९ पेटीसकट दहा-बारा किलोंच्या पुढे जाते. कडी धरून ते एका खोलीतून दुसरीत नेता येते. रेल्वे फलाटाच्या टोकापर्यंत न्यायचे तर हमाल पाहावा लागतो. पायमशीनच्या टेबलातून सुटका झाली, एवढाच तो प्रवास. फेदरवेट मात्र ॲल्युमिनियमच्या अंगाचे, पाच किलोंच्या आसपास, बैठकीची डावी फळी बिजागरीवर वर दुमडणारे. महामंदीच्या ऐन काळात कंपनीने हे मशीन काढले, याचे कौतुक केले जाते आणि ते रास्तही आहे. पण त्याचे सगळे श्रेय सिंगरला देऊ नये. १९२० च्या दशकाच्या अखेरीस क्लीव्हलंडच्या स्टँडर्ड कंपनीचे ‘स्यूहँडी’ नावाचे लहानसे विजेचे मशीन बाजारात होते. दोन्ही शेजारी ठेवली तर सख्खी भावंडे वाटतात, आणि पुढे त्याचे हक्क सिंगरनेच घेतले. स्वित्झर्लंडने याहून वेगळा रस्ता धरला. स्पॅनिश अभियंता रामोन कासास याच्या आराखड्यावरून जिनिव्हाच्या तावारो कंपनीने १९४० मध्ये हिरवे एल्ना बाहेर काढले. त्याचा पायजम्याची मोहरी किंवा बाही ओवता येईल असा अरुंद मोकळा हात, गुडघ्याने दाबायचा दांडा, आणि उघडून पसरली की कामाचा ओटाच होणारी पत्र्याची पेटी पाहिली तर सिंगरचा आराखडा एका जागी थांबल्यासारखा वाटतो. सिंगरने मोकळ्या हाताचे २२२के आणले ते १९५३ मध्ये, आणि तेही फक्त किलबोवीत. बैठक बाजूला काढली की आत नळकांड्यासारखा हात दिसतो. २२१ मध्ये तो नाही. हा फरक बाहेरून चटकन जाणवत नाही आणि किमतीत मोठा पडतो.

भारतातल्या हातमशीनची कहाणी या वजनाच्या हिशेबातही बसत नाही, आणि म्हणून ती इथे सांगायला हवी. सिंगरचा इथला कारभार १८७५ च्या सुमारास मुंबईचे पारशी गृहस्थ नसरवानजी मेरवानजी पटेल यांच्या हाती आला आणि पुढे अनेक दशके तो त्यांनीच वाढवला. युरोप-अमेरिकेत कंपनीचे गिऱ्हाईक म्हणजे घरातली बाई. जाहिराती तिच्यासाठी, हप्ता तिच्यासाठी, मशीन दिवाणखान्यात शोभावे म्हणून सोनेरी नक्षी तिच्यासाठी. इथे मशीन मोठ्या प्रमाणात गेले ते शिंप्याकडे. तो जमिनीवर मांडी घालून बसे, म्हणून पायमशीनपेक्षा हातमशीन त्याच्या सोयीचे. तो घरोघरी जाऊन ओसरीवर बसून शिवे, म्हणून उचलता येणारे सोयीचे. जे २८के ग्लासगोच्या घरात आठवड्यातून एकदा पेटीबाहेर निघाले असेल, तेच मुंबईत दिवसभर फिरत राहिले. म्हणून इथल्या जुन्या हातमशीनमध्ये दांड्याचा सांधा आणि कापड सरकवणारी दातरे झिजलेली असतात, पेटी बहुधा गायब असते, सोनेरी नक्षी हात घासून गेलेली असते. संग्राहकाच्या तक्त्यात अशा मशीनचा दर्जा खालचा. इतिहासाच्या दृष्टीने पाहाल तर ते मशीन आपल्या वापराची नोंद अंगावर घेऊन आले आहे; कोऱ्या सोन्याच्या नक्षीचे बंद पेटीतले मशीन ती देऊ शकत नाही. गांधीजींनी १९२४ मध्ये यंत्रांविषयी बोलताना सिंगरच्या मशीनला आपल्या विरोधातून सूट दिली, आणि सिंगरने ते बायकोचे कष्ट पाहून शोधले अशी कथाही सांगितली. प्रत्यक्षात १८५० मध्ये बॉस्टनच्या ओर्सन फेल्प्सच्या कारखान्यात दुसऱ्याचे मशीन पाहून, त्यातले दोष काढून पैसे मिळवता येतील या हिशेबाने सिंगर कामाला लागला होता. बायकोची ती कथा जरा जास्तच गोड आहे. पण गांधीजींचा मुद्दा यंत्र माणसाच्या हाताखाली राहण्याचा होता, आणि ओसरीवरचे हातमशीन त्यांच्या मुद्द्याला कथेपेक्षा चांगला आधार देते.

नावांबद्दलही असेच सावध राहावे लागते. बिल्ल्यावरचे नाव म्हणजे कारखाना, हे फार थोड्या मशीनबाबत खरे आहे. पहिल्या महायुद्धाआधी जर्मन कारखान्यांनी युरोपभरच्या दुकानदारांना त्यांच्या त्यांच्या नावाचे छाप मारून हातमशीन पुरवली. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी उत्पादकांनी सिंगरच्या पंधरा नंबरच्या रचनेवर एक समाईक आराखडा बसवला, एचए-१. एकाचा सुटा भाग दुसऱ्याला चालावा, हा त्यामागचा हेतू. मग ही मशीन अमेरिकेत शेकडो नावांनी विकली गेली. आयात करणारा सांगेल ते नाव, मागेल तो रंग. अशा मशीनवरचे नाव शोधत बसलेला माणूस कुठेही पोहोचत नाही. उभी बॉबिन आणि अर्धी फेरी मारणारा हुक पाहणाऱ्याला अर्ध्या मिनिटात कळते की हे पंधराच्या घराण्यातले. यावर सिंगरचे चाहते नाक मुरडतात: नक्कल ती नक्कल. पण टाक्याच्या दर्जाचा मामला असेल तर युद्धोत्तर जपानी मशीनचे बीड, घासकाम आणि मोटर यांना नावे ठेवायला फारशी जागा नाही, आणि नकलेचा ठपका ठेवायचा तर तो कुणाकुणावर ठेवणार? १८५६ मध्ये सिंगरसह बड्या अमेरिकी कंपन्यांनी आणि इलायस हाउने आपापली पेटंटे एकत्र करून जी मोट बांधली, ती १८७७ मध्ये सुटली. मूळ कल्पना कोणाची, हा प्रश्न या धंद्यात फार लवकर वकिलांच्या हाती गेला होता. आपल्याकडे १९३० च्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने उषा मशीन सुरू केले, स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले, आणि घरोघरी उषा दिसू लागली. तिलाही पंधरा नंबरच्याच घराण्यात जागा आहे. जुन्या बाजारात सिंगरच्या शेजारी तिला मान मिळत नाही, तो सवयीचा भाग.

सजावट वाचणे हा सगळ्यांचा आवडता खेळ, आणि फसण्याची हमखास जागा. सिंगरच्या काही मशीनवर पंख असलेल्या स्फिंक्सची सोनेरी नक्षी आहे. तुतनखामेनची कबर १९२२ मध्ये उघडली म्हणून ही नक्षी आली, असे सांगितले जाते. ती नक्षी त्याच्या कित्येक वर्षे आधीपासून मशीनवर होती. याउलट काही बारीक खुणा खरोखर बोलतात. फेदरवेटच्या डाव्या टोकाच्या पट्टीवर आधी वेलबुट्टीचे कोरीव काम असे, महायुद्धानंतर उभ्या रेघांची साधी पट्टी आली. १९४१ च्या आसपास क्रोमियमची टंचाई झाली तेव्हा काही मशीनची चकचकीत पट्टी आणि चाकाची कड काळी आली. असे काळे फेदरवेट आज मुद्दाम शोधले जाते. पांढरे २२१के हे १९६० च्या दशकातले. पण या खुणाही जेव्हा क्रमांक, कारखाना आणि यंत्रणा यांच्याशी जुळतात तेव्हाच कामाच्या. पट्टी स्क्रू सोडवून निघते, नव्या छापांचे संच विकत मिळतात, आणि रंग कुणीही मारू शकतो. ज्या मशीनचे सोने कोरे करकरीत आहे पण दातरे बोथट आहेत, त्याचा रंग मशीनपेक्षा तरुण समजावा.

जुने म्हणजे दुर्मीळ आणि दुर्मीळ म्हणजे महाग, हा शेवटचा गैरसमज सालाच्या भक्तीतूनच जन्मतो. एका कारखान्यातून एका वर्षात तेरा लाख निघाली, तीही बिडाची, न मोडणारी, आणि आजीकडून नातीकडे जाणारी, तर शंभर वर्षांचे सिंगर दुर्मीळ कसे होईल? फेदरवेटची किंमत वाढली ती वयाने वाढली नाही. १९७० च्या दशकापासून अमेरिकेत ठिगळगोधड्या शिवण्याची हौस पुन्हा जागी झाली, वर्गांना आणि मेळाव्यांना मशीन घेऊन जाण्याची सोय हवी झाली, आणि पाच किलोंचे सरळ टीप अचूक घालणारे मशीन एकाएकी मोलाचे झाले. किंमत दुसऱ्या जन्मीच्या वापराने ठरली. अफवेने ठरलेली किंमत किती टिकते, हेही दिसून आले. २००९ मध्ये सौदी अरेबियात जुन्या सिंगर मशीनमध्ये ‘लाल पारा’ नावाचा अमोल पदार्थ असतो अशी वावडी उठली, आणि भंगाराच्या भावाची मशीन लाखो रियालांना मागितली जाऊ लागली. त्यांच्यात होते ते तेल आणि साठ वर्षांचा दोऱ्याचा चुरा.

तेव्हा विकत घेणाऱ्याने क्रमांक शेवटी टिपावा आणि आधी चाक हाताने, सावकाश, आपल्याकडे फिरवावे. चाक अडले तर जोर लावू नये. बहुतेकदा वाळलेले तेल असते आणि ते सुटते, पण तुटलेला दात सुटत नाही. मग सरकपट्टी उघडून शटल किंवा बॉबिन केस जागेवर आहे का ते पाहावे, कारण फेदरवेटची केस वेगळी विकत घ्यायची तर खिशाला चांगलीच चाट बसते आणि लांब शटल हरवलेले हातमशीन शोभेचे होऊन बसते. ॲल्युमिनियमच्या बैठकीला तडा आहे का ते उजेडात धरून बघावे. वायरीवरचे रबर ठिसूळ झाले असेल तर वायर बदलल्याशिवाय वीज जोडू नये. फेदरवेटच्या मोटरला तेल पाजलेले असेल तर काळजी करावी. तिला ग्रीस लागते. सुईची चिंता मात्र फारशी करावी लागत नाही. २८, १२८, ९९, पंधरा नंबर, फेदरवेट, जपानी नकला आणि उषा या सगळ्यांना एकाच जातीची, एका बाजूने चपटी मुळी असलेली सुई चालते, आणि आपल्याकडच्या शिलाई सामानाच्या दुकानात तिच्या पाकिटावर एचए हीच अक्षरे असतात. लुधियानात पंधरा नंबरच्या घराण्यातली काळी, सोनेरी नक्षीची मशीन आजही बनतात. त्यांची बॉबिन १९५० च्या जपानी मशीनला बसते, फेदरवेटला बसत नाही.